मीच मला अकोट म्हणालो

मित्रांनो, अकोल्यातल्या एका लहानशा तारघराच्या कोपऱ्यात धूळ खात बसलेला जुना टेलिप्रिंटर दिसतो ना, तो मीच. चौसष्ट सालच्या सुमारास मला लाकडी पेटीतून आणलं, तेव्हा बघायला गर्दी लोटली होती. आपोआप तार छापणारं यंत्र म्हणजे काय थट्टा आहे?

अमरावती, अकोट आणि मी, आम्ही तिघं एकाच लाइनीवर होतो. म्हणून प्रत्येकाला आपापला पत्ता हवा. तारबाबू देवमन यांनी माझ्या पोटातल्या दातेरी चाकावर 'अकोला' बसवून दिलं. अमरावतीनं 'कोण?' विचारलं की चाक फिरे आणि मी नाव सांगे. नाव जुळलं, तरच तार येई.

एका दसऱ्याला शिपाई नत्थुजींनी माझी पूजा केली. भक्ती तरी किती! झाकण उघडून चाकालाही ओलं कुंकू फासलं. ते दात्यांत वाळून घट्ट बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जमुना आली. तिची आई दुर्गाबाई अमरावतीच्या दवाखान्यात होती. दुखणं वाढलं तर तार करतो, असं बाप सांगून गेला होता. पोर खिडकीशी सारख्या येरझारा घालत होती.

"बाबूजी, पाहा ना जी. माह्या जिवाले चैन नाई."

"आली का लगेच देतो, पोरी. बस जरा," देवमन म्हणाले.

अहो, तार येतच होती! अमरावती विचारी, 'कोण?' आणि कुंकवानं 'ला'चे दाते बुजल्यामुळे माझ्याकडून जाई, 'अकोट'. लगेच तिकडून लाइन बंद. पुन्हा हाक, पुन्हा तेच. मला सगळं कळत होतं, पण चाकापुढे माझं काय चालणार? नुसता तडफडत होतो.

चाक फिरतंय पण तार काही छापली जात नाही, हे पाहून शेवटी देवमन वैतागले. त्यांनी स्वतःच मला नाव विचारलं आणि छापलेला कागद पाहून ओरडले, "अरे बाप! हा तं सोताले अकोट म्हणून राहिला! नत्थुजी, चाकाले काय लावलं तुमी?"

नत्थुजींचा चेहराच उतरला. घासलेटात भिजवलेल्या चिंधीनं त्यांनी दाते पुसले. घंटी वाजली. मी धडाधडा छापलं : 'आईची तब्येत गंभीर. लगेच ये.'

जमुना तशीच अनवाणी अमरावतीची गाडी गाठायला स्टेशनाकडे पळाली.

बऱ्याच दिवसांनी ती पुन्हा खिडकीशी आली. "भेट झाली जी. माय बोलली माह्यासंग. मंग गेली."

नत्थुजींना तिच्याकडे बघवेना.

मित्रांनो, यंत्राला हार घाला, नारळ फोडा, आम्हालाही बरं वाटतं. पण आमचं पोट आधी स्वच्छ ठेवा. जमुनेची ती गाडी चुकली असती, तर मी कुणाला काय उत्तर दिलं असतं?