सात नंबरची दहा मिनिटं

एक खोडरबर, एका बाजूनं काळं पडलेलं. त्यानं आजवर कुणी एक अक्षरही खोडलेलं नाही.

फोनची एक रिंग. उचलायची नाही.

पिवळं प्लास्टिकचं नरसाळं, खाली लांब पिशवी, वर मादीच्या वासाची गोळी. नर पतंग येतात. परत जात नाहीत.

दहा मिनिटं.

"धुगधुगी आहे तोवर हात काढायचा नाही." रहेमान मिस्त्री, मोटार वाइंडिंगवाले, दारव्हा. वारले २००३ साली.

बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासचा बोर्ड, दोन विटांच्या थरांवर उलटा टाकलेला. त्याचं टेबल झालं.

सापळे शेतात असत आणि रिंग शेतातून येई. बाकी सगळं बोरी अरबच्या एकाच खोलीतलं.

*

खोलीत अकरा जुने कॉम्प्युटर होते. बंद पडलेल्या क्लासचेच. आदल्या वर्षी बोंडअळीनं कापूस आतून खाल्ला, म्हणून २०१८ मध्ये एका संस्थेनं शेहेचाळीस गावांत सापळे लावले. रोज सकाळी गावोगावचे लोक सापळ्यातल्या पतंगांचे फोटो पाठवायचे. पतंग मोजायचं काम खोलीतल्या मशीनचं. रात्रीला सरासरी आठ किंवा जास्त पतंग असले तर गुरुवारी दुपारी बाराला गावाला मेसेज जाई: फवारा. कमी असले तर: फवारू नका. फोटो मोजून झाले नाहीत तर त्या गावाला काहीच जात नसे, मागच्या आठवड्याचा मेसेज कायम राही.

प्रोग्राम नाहिदचा. वय सत्तावीस, इंजिनीअर, पगार वेळेवर नाही. अकरांपैकी एका मशीनला ती मुकादम म्हणे. मुकादम बाकीच्या दहांना काम वाटून देई. प्रत्येक फोटोच्या तीन नकला तीन वेगवेगळ्या मशीनवर ठेवलेल्या असत, म्हणजे एक मशीन गेली तरी काम अडत नाही. प्रत्येक मशीननं दर तीन सेकंदांनी मुकादमाला कळवायचं: मी आहे. दहा मिनिटं एखादीचा आवाज आला नाही तर मुकादम तिला मेलेली धरी आणि तिचं काम दुसऱ्यांना देई. आवाज येतो आहे तोवर काम तिच्याकडेच.

दहा हा आकडा नाहिदनं एका संध्याकाळी ठरवला. पाच कमी वाटली होती.

मशीन दुरुस्तीला तिचा मामू, अब्रार. रहेमान मिस्त्रींचा मुलगा. विहिरीच्या मोटारी, पीठगिरण्यांच्या मोटारी, आणि आता हे. कॉम्प्युटर अडला की तो त्याची मेमरीची पट्टी काढायचा, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासायचा, फुंकर मारायचा, परत बसवायचा. दहातल्या आठ वेळा मशीन उठायची.

आणि नेमसिंग. वरच्या तांड्यावरचा, वय छप्पन्न. खोलीची राखण, झाडझूड, खिडकीवरचं पोतं ओलं ठेवणं. मुकादमाला तो नायक म्हणे. तांड्यात काम वाटून देणाऱ्याला नायकच म्हणतात, यात त्याला काही विशेष वाटत नव्हतं.

*

नेमसिंगचा मुलगा बबलू, वय तीस, रोजानं फवारणीला जाई. आदल्या वर्षी फवारताना विष अंगात गेलं. आठ दिवस यवतमाळच्या दवाखान्यात, त्यातले चार दिवस डोळ्यांवर पट्टी. डॉक्टर म्हणाले, पुन्हा नाही. दुसरा रोज मिळाला नाही. मालक म्हणाला, ज्या दिवशी मेसेज येईल फवारू नका, त्या दिवशी मी तरी कायले फवारीन? औषध फुकट येते का?

म्हणून नेमसिंगनं खोलीतली नोकरी धरली.

बापलेकाचं ठरलं होतं. बबलू वावरात असला की दर तासाला एक मिस कॉल. एक रिंग म्हणजे ठीक. लागोपाठ दोन चुकल्या की नेमसिंग सायकल काढणार.

*

ऑक्टोबर, गुरुवार. मागच्या गुरुवारी वरच्या तांड्याला मेसेज होता: फवारा.

९:१० मुकादमानं काम वाटलं. सात नंबरला तीन गावं, ६१२ फोटो. तिन्हींत एक वरचा तांडा.
९:३० नाहिद यवतमाळच्या एसटीत बसली. संस्थेची मीटिंग.
९:५२ सात गप्प. फोटो ५८८.

अब्रार उठला. झाकण उघडलं, पट्टी काढली, खोडरबर.

"काका, तिच्याकडं असं पाहू नका. नजर लागते."

"मी कायले नजर लावू? मीच तर सकाळपासून तिले गार करून राह्यलो."

"मंग खिडकीकडं पाहा."

१०:०० सात: मी आहे.

मुकादमानं तिला जिवंत धरलं. काम तिच्याकडेच होतं. ते पहिल्या फोटोपासून सुरू झालं.

१०:४० सात गप्प. फोटो ५७१.

अब्रारनं झाकण उघडलं तेवढ्यात नाहिदचा फोन आला. मशीनची हालत तिला मोबाइलवर दिसत होती.

"मामू, हात नका लावू तिले. दहा मिनिटं होऊ द्या. मुकादम स्वतःच मेली म्हनीन अन् काम दुसऱ्याले देईन."

"मेली कशी म्हनीन? पंखा फिरून राह्यला तिचा."

"फिरू द्या. मरू द्या तिले."

"पोरी, तुह्या नानाच्या दुकानात असं कोनी बोललं असतं ना, तर चहा नसता भेटला." अब्रारचे हात थांबले नव्हते. "दहा मिनिटं कायले? मी आठात उभी करतो."

नेमसिंगनं फोन मागून घेतला.

"बेटा, आपला तांडा हाय ना तिच्यात?"

"हाय काका. पन दोन नंबरमंदीबी हाय, नऊमंदीबी हाय."

"एक तांडा तीन ठिकानी?"

"फोटो, काका. फोटोच्या नकला."

"मंग असली कोनती?"

"असली असं काही नसते त्याच्यात, तिन्ही सारख्या..."

एसटी जंगलाच्या पट्ट्यात शिरली. रेंज गेली.

नेमसिंगनं दोन नंबरकडे पाहिलं, नऊ नंबरकडे पाहिलं. दोन्ही मशीन दुसऱ्या गावांचे पतंग मोजत होत्या. नायकानं नाव घेतलं होतं ते सातचं.

"अब्रारभाई, मरू देऊ नका तिले."

"मी कवा मरू देल्ली कोनाले?"

१०:४९ सात: मी आहे. फोटो १.

अब्रारनं घड्याळ पाहिलं. "नऊ लागले. पट्टीचा दात घासला गेला, म्हनून."

*

११:०० रिंग. एक. नेमसिंगनं फोन खिशात ठेवला.

११:१५ दोन नंबर आणि नऊ नंबरचं सगळं काम संपलं. त्यानंतर त्या दर तीन सेकंदांनी एवढंच कळवत राहिल्या: मी आहे. मी आहे.

११:३१ सात गप्प. फोटो ५९०.

या वेळी सात मिनिटं लागली. अब्रारनं टेबलफॅन उचलून मशीनच्या उघड्या पोटासमोर धरला. दोघांना घाम आला होता. नेमसिंगनं गोणपाट ओलं करून मशीनच्या खाली घातलं, मग अब्रारनं ते घाईनं ओढून काढलं.

"काका! करंट लागीन."

"तिले?"

"तुम्हाले."

दोघं हसले. मग पडद्याकडे पाहू लागले. तिथं फोटोचा आकडा वाढत होता, आणि तो वाढताना पाहणं चांगलं वाटत होतं.

१२:०० यादी गेली. त्रेचाळीस गावं. तीन रिकामी.

यादी आपोआप जाते हे नेमसिंगला माहीत होतं. तीन रकाने कुठले, तेही त्याला कळलं.

"आता?"

"आता काय. पुरं झालं की मांगून जाते मेसेज. नाहिदनं तसंच करून ठेवलं हाय." अब्रारचा आवाज ठाम होता. "अर्ध्या तासात होते, काका. उशिरा का होईना."

१२:०२ रिंग. एक.

मीटिंगमध्ये नाहिदचा फोन बंद होता. फोन बंद ठेवा, असं दारावरच लिहिलं होतं.

*

१२:१९ सात गप्प.
१२:२८ सात: मी आहे.
१:०० रिंग. एक. बबलूनं पंप पाठीवर घेतला. मालकाकडे मागच्या आठवड्याचा मेसेज होता.
१:०८ सात गप्प.
१:१६ सात: मी आहे.
१:५७ सात गप्प.
२:०० रिंग. एक.
२:०६ सात: मी आहे.

सहा वेळा. एकदाही दहा मिनिटं झाली नाहीत. अशी कामगिरी अब्रारच्या बापालाही साधली नसती, असं नेमसिंग म्हणाला, आणि ते खरं होतं.

*

२:४० नाहिद बाहेर आली, फोन सुरू केला, सातची ओळ पाहिली.

"मामू, पिन काढा."

"पाचशे फोटो झाले पोरी. शंभरच उरले."

"मामू. ती त्या शेवटच्या शंभरातच मरते. सकाळपासून तेच चाललं. तुम्ही तिले उठवता, मुकादम म्हनते हाय जिवंत, अन् काम तिच्याचकडं ठेवते. तुम्ही हात नसता लावला तर बाराच्या आत झालं असतं."

फोन स्पीकरवर होता. नेमसिंगनं ऐकलं.

"सकाळीच का नाही सांगतलं असं?" अब्रार म्हणाला.

"सांगतलं."

सांगितलं होतं.

अब्रारनं चालू मशीनची पिन कधी काढली नव्हती. पिठाच्या गिरणीचीसुद्धा नाही. दाणे संपून दगडांचा आवाज बदलेपर्यंत तो थांबायचा. त्यानं सातची पिन काढली. पंखा फिरत फिरत थांबला.

मग दहा मिनिटं. करण्यासारखं काहीच नव्हतं. अब्रारच्या हातात खोडरबर होतं. त्यानं ते खिशात ठेवलं, काढलं, टेबलावर ठेवलं.

"अब्रारभाई."

"हं."

"मीच म्हटलं तुम्हाले."

"तुम्ही नसतं म्हटलं तरी मी उठवलंच असतं, काका."

२:५० मुकादम: सात मेली.

लगेच दोन नंबरनं अर्धे फोटो घेतले, नऊ नंबरनं अर्धे. पडद्यावर दोन आकडे पळू लागले. इतक्या वेगानं त्या खोलीत सकाळपासून काही झालं नव्हतं.

३:०० रिंग. एक.

"पोरगं बरं हाय," नेमसिंग म्हणाला.

३:०१ तिन्ही रकाने भरले. मेसेज गेला.

नेमसिंगनं फोन लावला. बबलूला म्हणायचं होतं, पंप उतरव, मेसेज आला पाहा. फोन सुनेनं उचलला. पुष्पा. ती त्याच वावरात पंपात पाणी भरायला जायची.

"बबलूले दे."

"ते निजले हाय, बाबा. बांधावर."

"या वक्ताले?"

"चक्कर आली म्हने. उलटी झाली एक. सावलीत निजवलं."

"कवापासून?"

"दीड वाजल्यापासून."

नेमसिंगनं फोन कानापासून काढला, पाहिला, परत लावला.

"अन् रिंग?"

"मीच देऊन राह्यली. ते म्हने, बाले घोर लागते, तू देत राय."

"डोये उघडते का तो?"

वाऱ्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बाबा, तुम्ही या."

अब्रारनं गाडीची चावी घेतली होती.

*

बबलूला साडेचारला दारव्ह्याला नेलं, तिथून रात्री यवतमाळला. अठरा दिवस. तो वाचला. उजव्या डोळ्यानं आता त्याला उजेड आणि अंधार कळतो. डाव्यानं माणूस ओळखू येतो, दहा पावलांवर.

नाहिदनं प्रोग्राम बदलला. मशीन गप्प होऊन पुन्हा उठली तर तिचं काम तिला परत मिळत नाही. काम रेंगाळलं की मुकादम तेच काम दुसऱ्या मशीनलाही देतो आणि जिचं आधी होईल ते धरतो. दहा मिनिटांची तिनं तीन केली. हा बदल करायला तिला चाळीस मिनिटं लागली.

अब्रारनं सातचे भाग काढून बाकीच्यांना बसवले. रिकामा डबा खोलीतच आहे. नेमसिंग त्यावर पाण्याचा माठ ठेवतो. नेमसिंगनं नोकरी सोडली नाही. दिवसा बबलूही तिथं येऊन बसतो, पंख्यांचा आवाज ऐकतो आणि एखादा थांबला की सांगतो, कोणता. तो चुकत नाही. बापानं विचारलं, तुले कसं समजते, तर म्हणाला, "इतके जन बोलून राह्यले, त्यातला एक गप्प झाला तं समजत नाही का, बा?"

तीन वाजून एक मिनिटानं गेलेला मेसेज पुष्पाच्या हातातल्या फोनवर आला होता. तो त्या दिवशी कुणी उघडला नाही.

त्या आठवड्यात वरच्या तांड्याच्या सापळ्यांत रात्रीला सरासरी दोन पतंग होते.