आधी छत की आधी पॅनल

सासू आपल्याच घरी राहावी म्हणून सून धडपडते आहे, हे कुणाला सांगितलं असतं तर त्याने सुनेचा ताप मोजला असता. पण तिचं खरोखर तसं होतं. सासूबाईंसारखी पत्त्यांत लबाडी करणारी जोडीदार दिवा घेऊन शोधली तरी मिळाली नसती. सुट्टीच्या दिवशी दोघी मिळून तिच्या नवऱ्याला असं काही हरवायच्या, की आपल्याला पत्त्यांतलं ओ की ठो कळत नाही, अशी त्या बापड्याने मनाची समजूत करून घेतली होती.

आणि आता सासूबाई धाकट्या मुलाकडे निघाल्या होत्या, कायमच्या.

कारण होतं त्यांची वरची खोली. खोली कसली, भट्टीच. उन्हाळ्यात गादीवर पाठ टेकली की पोळी भाजल्यासारखी भाजायची, आणि थंडीत वाटीतली कवळीसुद्धा कुडकुडायची. सासूबाईंनी तक्रार अशी केलीच नाही. एके दिवशी जेवताना म्हणाल्या, "धाकट्याचं घर नवीन आहे. तिथे बरं पडेल मला," आणि हात धुऊन बॅग काढली.

नवरा गाडी चालवायला शिकवायचा. शिकाऊ लोकांशेजारी बसून बसून त्याचा स्वर कायमचा शांत झाला होता. वीज कमी जाळणारं घर करायचं, हे त्याने मनावर घेतलं होतं. पण यंदा पैशांत एकच काम निघणार होतं, आणि त्याचा जीव अडकला होता सोलर पॅनलमध्ये.

"सगळं छप्पर भरून टाकू. कोपऱ्यावर वळलं की दिसतील."

"आणि आईंच्या खोलीचं छत? त्याला आतून तो ऊन-थंडी अडवणारा जाड थर बसवायचा होता ना?"

"तो कुणाला दिसतो?"

"दिसायला कशाला हवा? नवरी आहे का तो?"

"ब्रेकवर पाय ठेवून बोल," तो म्हणाला. "आपण भांडायचंच नाही. मशीन सांगेल."

मशीन म्हणजे मित्राकडून मागून आणलेला भला मोठा पंखा. पुढच्या दारात ताडपत्री ताणून त्यात तो बसवायचा. तो घरातली हवा बाहेर फेकतो, मग जिथे जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत घुसते. वरची खोली गळकी निघाली तर आधी छत. नाही निघाली तर आधी पॅनल. सौदा ठरला.

आदल्या संध्याकाळी, घरात कुणी नसताना, तिने सुरीने वरच्या खिडकीचं रबर सोलून काढलं. स्टुलावर चढून तिथल्याच छतातल्या माळ्याच्या झाकणाची कडीही ढिली करून ठेवली. मन थोडं टोचलं, पण हाताला लबाडीची सवय होतीच.

सकाळी पंखा सुरू झाला आणि घराने पोट आत ओढलं. पडदे वाकले, वर्तमानपत्र जमिनीवरून सरपटत निघालं, न्हाणीघराचं दार धाडकन आपटलं आणि कपाटाच्या किल्लीच्या भोकातून शीळ वाजायला लागली.

"घराला दमा लागलाय," सासूबाई म्हणाल्या आणि फिसकन हसल्या. ती पण हसली. नवऱ्याने मात्र परीक्षा घेतल्यासारखं तोंड केलं आणि पातळ कागदाची पट्टी धरून खिडक्या तपासत निघाला. स्वयंपाकघरात पट्टी फडफडली. बैठकीत थोडी हलली. मग तिघं जिना चढून वर आली.

वरच्या खिडकीपाशी पट्टी ढिम्म.

तिला वाटलं, डोळे गेले. काल इथून अख्खं बोट जात होतं.

"बघ," नवरा म्हणाला. "हवाबंद. वळा डावीकडे, पॅनलकडे."

तो छताकडे वळला तशी ती वाकली. फटीत चिंध्या ठासल्या होत्या, आणि मधोमध एक लोकरी मोजा. मोजा तिच्या ओळखीचा होता. तिने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई भिंतीकडे पाहत होत्या, बाहीत एक्का असला की पाहतात तशा.

"आई, हे काय?" ती कुजबुजली.

"गप्प बस. मिळू दे त्याला त्याचे पॅनल. मी तर जाणारच आहे."

"तुम्ही जाऊ नये म्हणून मी इथलं रबर काढलं होतं."

"तू? तरी म्हटलं, एवढी फट आली कुठून. पहाटेपासून कोंबतेय मी, बोटं मोडून आली माझी."

"आणि माळ्याचं झाकण?"

"त्याच्या वर जुनी रजई ठासलीय. फाटकी आहे, पण घट्ट बसते."

"आई, त्याची कडी मी ढिली केलीय."

दोघींनी एकदमच वर पाहिलं. नवरा नेमका झाकणाखाली उभा होता, कागदाची पट्टी उंच धरून.

"अहो, जरा बाजू…"

कडी निसटली. झाकण लोंबलं, रजई उलगडली आणि वर्षानुवर्षांचा कापूस त्याच्यावर कोसळला. भुवया पांढऱ्या, मिशी पांढरी, कानांतून झुपके. आणि पंखा तर ओढतच होता. कापसाचे पुंजके वरातीसारखे रांगेने जिना उतरले, बैठकीतून गेले आणि पंख्यातून रस्त्यावर उडाले.

"काय हो," समोरचा न्हावी खालून ओरडला, "घर पिंजायला काढलंय का?"

सासूबाई पलंगावर आडव्या झाल्या, ती त्यांच्या पायांवर पडली. हसून हसून दोघींचा आवाजच बंद झाला होता.

"कुणीतरी इंजिन बंद करा," नवरा म्हणाला. कुणीही उठलं नाही. तो कापूस झटकायला लागला आणि झटकता झटकता थांबला. उघड्या माळ्यातून गरम वाफ सरळ त्याच्या डोक्यावर उतरत होती. त्याने हात वर धरला, मग दुसराही धरला.

"आई, हे असं रोज?"

"रात्री जरा कमी असतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू पॅनलचं चित्र घेऊन घरभर फिरत होतास. लहानपणी नवीन बूट घेतले की फिरायचास तसा. कशाला बोलू?"

तो कापसातच मटकन बसला. "आधी छत," म्हणाला. "पॅनल पुढे बघू."

"मी राहते म्हटलं का पण?"

तिचं हसू खाडकन थांबलं. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले, फोन उचलला आणि धाकट्याला लावला.

"अरे, मी येत नाही. नाही रे, भांडण नाही. तुझ्याकडे गार आहे, माहीत आहे मला. पण माझ्यासाठी तुझ्या घरी कुणी खिडकी मोडेल का? ठेवते, इथे काम निघालंय."

मग मोजपट्टी आली. छत मोजायला नवरा एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला, आणि सासूबाई पलंगावरून, "थर चांगला जाड घ्या, चिक्कूपणा नको." ती इतकी हसत होती की आकडा दर वेळी वेगळा येत होता.

"स्थिर धर," नवरा म्हणाला. त्याच्या मिशीतून कापूस उडाला.

"धरतेय ना," ती म्हणाली, आणि तिच्या हातातलं टोक पुन्हा सुटलं.