झाकण मी लावलं व्हतं

पेट्रोल पंप माझ्या नावावर हाय म्हणलं, की शहरातली माणसं हसत्यात. हसू दे. धायरीत जिथं आमची ज्वारी व्हती, तिथंच हा पंप उभा हाय, आन कागदावर मालकीण म्हणून मुक्ताबाई असंच लिवलंय. चालवतो माझा ल्योक रणजित. पण रोज सकाळी खुर्ची टाकून मी तिथं बसते, आन कुणी गाडी वाकडी लावली की चार शब्द सुनावते. कुणाला आवडो ना आवडो.

यंदा खंडेनवमीला मी पंपाची पूजा मांडली. शेती करत व्हतो तवा नांगर, कुळव, विळे धुऊन पुजायचो आन विहिरीच्या काठाला हळदकुंकू लावायचो. जिथनं पोट भरतं तिथं हात जोडायचे, ही आमची रीत. मंग जमिनीखालच्या टाकीलाच कसं वगळायचं? भैरूला म्हणलं, "टाकीचं झाकण उघड. तोंडाला कुंकू लावायचं हाय."

भैरू आमच्याकडं तीस वर्षं हाय. आधी शेतावर, मंग पंपावर. "मुक्ताक्का, टँकर खाली करायचा असंल तरच ते उघडत्यात," म्हणला.

"मला नको शिकवू. देवाच्या कामात कसला आलाय टँकर?"

उघडलं बिचाऱ्यानं. मी कुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. तेवढ्यात गाड्यांची रांग लागली, म्हणून त्याला म्हणलं, "जा तू, झाकण मी लावते." लावलं बी. मंग कामगारांनी पाइप घेऊन सारा पंप धुऊन काढला. टाकीचं तोंड जमिनीखाली खड्ड्यात असतंय. त्या खड्ड्यात पाणी तुंबलं, ते कुणी बघितलंच नाय.

दुसऱ्या दिवशी दसरा. भैरू रोज सकाळी टाकीत गज सोडून तळाला पाणी हाय का बघतो, पण सणाच्या घाईत ते राहून गेलं. दुपारी एक स्कूटरवाला गाडी ढकलत आला. "तुम्ही पेट्रोलमध्ये पाणी घालता, की पाण्यात पेट्रोल?" म्हणला. रणजितनं त्याला गोड बोलून वाटंला लावलं.

मला मात्र कालचं झाकण आठवलं. रणजित आत गेल्यावर मी खड्ड्यापाशी जाऊन वाकले. झाकण एका अंगानं उचललेलं, आन त्याच्याखाली झेंडूचं एक फूल चेंगरून बसलेलं. रातभर पाणी आत गेलं असणार.

तवाच ओरडायला पायजे व्हतं, पंप बंद कर म्हणून. पण तोंडच उघडंना. साऱ्या गावाला अक्कल शिकवणारी मी, आन मलाच लोक हसणार! झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणलं. फूल पदरात घेतलं, झाकण आवळलं आन खुर्चीत येऊन बसले. एवढी मोठी टाकी, एवढ्याशा पाण्यानं काय व्हतंय, अशी मनाची समजूत घातली. समोर गाड्या पेट्रोल भरून जात व्हत्या, आन मी त्या मोजायच्या नाय म्हणून रस्त्याकडं बघत बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळीच दीक्षा आली. ती समोरच्या सोसायटीत राहते, सरकारी हापिसात मोठ्या हुद्द्यावर हाय. तिच्या हातात एक बाटली व्हती. वर पेट्रोल आन खाली गढूळ पाण्याचा चांगला चार बोटं थर.

"काल संध्याकाळी आपल्याकडे टाकी फुल केली," ती म्हणाली. "खडकीला आईकडे निघाले होते. गाडी स्वारगेटच्या चौकात बंद पडली. हे तिच्या टाकीतून निघालंय. मेकॅनिक म्हणतो, फ्युएल पंप आणि इंजेक्टर दोन्ही गेले."

रणजित म्हणला, "मॅडम, पाणी आमच्याच पेट्रोलमधलं कशावरून?"

"मला गाडीला पाणी पाजायची हौस नाही. आपण आत्ता माझ्यासमोर टाकी तपासा."

रणजितनं भैरूला गज सोडायला लावला. गजाच्या टोकाला एक लेप लावत्यात, पाणी लागलं की त्याचा रंग बदलतो. गज वर आला तवा टोक लालभडक झालं व्हतं. रणजितचं तोंडच उतरलं. त्यानं पंप बंद केला आन भैरूवर खेकसला, "झाकण कुणी उघडलं होतं?"

भैरूनं एकदा माझ्याकडं बघितलं. मंग खाली बघून म्हणला, "मीच, मालक."

"नीट लावलं नव्हतंस?"

"नसंल लावलं."

मी तिथंच बसले व्हते. मूग गिळून बसणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

दीक्षाला कारण लेखी पायजे व्हतं. रणजितनं कागद केला: कामगार भैरू याच्या निष्काळजीपणामुळे पाणी गेलं, गाडीची दुरुस्ती पंप करून देईल, भैरूला कामावरून काढलंय. आन सहीसाठी कागद भैरूपुढं सरकवला. त्यानं पेन उचललं. सही कुठं करायची, म्हणून विचारलं बी. ते मात्र माझ्यानं बघवंना.

"थांब!" मी उठलेच. "उघडायला मी लावलं. त्यो नको म्हणत व्हता. आन झाकण बी मीच लावलं."

"आई, पंप तुझ्या नावावर आहे. काय बोलतेस ते कळतंय का? लायसन जाईल!"

"जाऊ दे गेलं तर. काल दुपारीच मला झाकण सैल घावलं व्हतं. फूल अडकलं व्हतं त्यात. मी गुपचूप आवळलं आन गप बसले."

दीक्षानं माझ्याकडं बघितलं. "म्हणजे मी पेट्रोल भरत होते, तेव्हा आपल्याला माहीत होतं."

"व्हय, बाई."

"मग तेही लिहा," ती म्हणाली. आवाज चढला नाय तिचा. चढला असता तर बरं वाटलं असतं.

नवा कागद झाला, मी सही केली. छातीवरचा धोंडा उतरला. भैरूकडं वळले, वाटलं आता हा हसंल.

"मुक्ताक्का," त्यो म्हणला, "काल दुपारीच कळलं व्हतं तुमाला?"

"व्हय रं."

"मला वाटलं, झाकण सैल राहिलं हे तुमच्या ध्यानातच आलं नाय. म्हातारपणी चारचौघांत तुमची मान खाली नको जायला, म्हणून मी माझं नाव सांगितलं." शर्टाची बटणं सोडत म्हणला, "आन तुमी बसून बघत व्हता."

त्यानं पंपाचा शर्ट काढला, घडी करून टेबलावर ठेवला. रणजित म्हणला, "अरे भैरू, तो कागद फाडला मी. तुला कुठं काढलंय?"

"तुमी नाय काढलं, मालक," त्यो म्हणला आन बनियनवरच रस्त्याला लागला.

मी हाक मारली. मंग परत मारली. धायरीत माझ्या हाकंला न थांबता कधी कुणी गेलं नव्हतं. भैरू गेला.