स्तेरेदेनचं वादळ

पोर्झ-कार्रेगच्या धक्क्यावर पुन्हा पाय ठेवायचा नाही, असं सोआझिगनं नवऱ्याला मातीत ठेवलं त्या दिवशीच ठरवलं होतं, आणि ते तिनं पाळलंही होतं. रेन शहरात मुलाच्या, गिरेकच्या घराजवळ दोन खोल्यांत ती एकटी राहायची. समुद्राचा विषय निघाला की उठून भांडी घासायला लागायची. पण नातीनं वाढदिवसाची भेट म्हणून बोटीची तिकिटंच आणून तिच्या हातावर ठेवली, तेव्हा तिला नाही म्हणता आलं नाही.

"नवी 'स्तेरेदेन' आहे, आजी," नोल्वेन म्हणाली. "आजोबांच्या बोटीसारखीच, अगदी हुबेहूब. गावातल्या लोकांनी वर्षानुवर्षं खपून बांधलीय. तू एकदा तरी बसायला हवंस तिच्यात."

नोल्वेन वृद्धाश्रमात परिचारिका होती. दिवसभर म्हाताऱ्यांचं करून आल्यावरही तिला आपल्या आजीसाठी वेळ असायचा. तिचं मन मोडायचं म्हणजे सोआझिगच्या जिवावर यायचं.

गाव ओळखू येत नव्हतं. जाळी वाळत घालायची त्या मोकळ्या जागेत गाड्या लागल्या होत्या. लग्नाआधी ज्या कारखान्यात सोआझिगनं तारली माशांची मुंडकी उडवली होती, तिथे सुट्टीला येणाऱ्यांचे फ्लॅट झाले होते आणि गच्चीगच्चीत छत्र्या उघडल्या होत्या. पाणी तेवढं तसंच होतं, निळंहिरवं, दुपारच्या उन्हात डोळ्यांना खुपणारं.

बोटीपाशी माथ्युरँ उभा होता. जाड निळा सदरा, गळ्यात लाल रुमाल, पायात लाकडी बूट. त्याला बघून सोआझिगला हसावं की थुंकावं कळेना. तिचा नवरा ताँगी आणि हा माथ्युरँ मिळून मासेमारी करायचे तेव्हा दोघांच्या अंगात बाजारातले ढगळ स्वेटर असायचे आणि वर पिवळे मेणकापडी कोट. असला पोशाख तिनं फक्त पणजोबांच्या फोटोत पाहिला होता.

माथ्युरँनं तिला ओळखलं. त्याचा चेहरा क्षणभर उतरला. मग पुढे होऊन त्यानं तिच्या दोन्ही गालांवर ओठ टेकवले.

"आलीस तर," तो म्हणाला. "मला वाटलं नव्हतं येशील."

"हिनं आणलं," सोआझिग म्हणाली.

"गिरेकची पोर ना? डोळे थेट ताँगीचे आहेत." त्यानं त्यांना सुकाणूजवळच्या फळीवर जागा करून दिली. बाकी पंधरावीस प्रवासी होते, बहुतेक पॅरिसकडचे, टोप्या आणि काळे चष्मे घातलेले.

शीड वर चढलं, वारा भरला आणि बोट कलली. सोआझिगच्या पायांनी आपोआप तोल सांभाळला. डांबराचा वास नाकात गेला तेव्हा तिला वाटलं, बरं झालं आले. नोल्वेननं तिचा हात हातात घेतला होता. आत्ता इथेच थांबलं असतं तरी चाललं असतं.

मग माथ्युरँ बोलायला लागला. खडकांची नावं, जुना किल्ला, चोरटा माल कुठे उतरायचा ते, तारल्यांचे थवे आले की चर्चची घंटा कशी वाजवायचे ते. सांगायची हातोटी त्याला पहिल्यापासूनच होती. आणि मग त्यानं आवाज खाली आणला.

"या बोटीच्या आधी एक 'स्तेरेदेन' होती. तिचा तांडेल ताँगी, माझा जिवाभावाचा मित्र. नोव्हेंबरातलं वादळ होतं. बाकीच्या बोटी माघारी आल्या, पण एका बोटीचं इंजिन बंद पडलं होतं, तिच्या मदतीला ताँगी एकटा गेला. ती बोट वाचली. ताँगी आणि 'स्तेरेदेन' मात्र त्या खडकांवर गेले. तिसऱ्या दिवशी तो आम्हाला किनाऱ्यावर सापडला."

एका बाईनं डोळ्यांवरचा चष्मा काढला. नोल्वेननं आजीचा हात घट्ट दाबला. तिचे डोळे भरून आले होते, पण तिला नवल वाटलेलं दिसत नव्हतं.

"तुला हे माहीत होतं?" सोआझिगनं हळूच विचारलं.

"बाबांनी सांगितलंय ना लहानपणीच. तुझ्यासमोर कधी बोलायचं नाही, असंही सांगितलंय."

सोआझिगनं तिच्या हातातून आपला हात काढून घेतला.

जुनी 'स्तेरेदेन' कुठल्याही खडकावर गेली नव्हती. समुद्रात मासे कमी आणि बोटी जास्त झाल्या, म्हणून जो बोट मोडेल त्याला सरकार भरपाई देत होतं. बोटीत माथ्युरँचा अर्धा वाटा होता. त्याला पैसे घेऊन मोकळं व्हायचं होतं. हिवाळाभर तो ताँगीच्या मागे लागला आणि शेवटी ताँगीनं सही केली. लोखंडी पंजाचं यंत्र आलं आणि धक्क्याच्या उतरणीवरच त्यानं बोट फोडली. ताँगी शेवटची फळी मोडेपर्यंत तिथून हलला नाही. माथ्युरँ त्या दिवशी ब्रेस्त शहरात बहिणीकडे गेला होता. मग ताँगी समुद्रापासून लांब, आतल्या एका गावात डुकरांच्या कत्तलखान्यात कामाला लागला. घरी आला की आंघोळ न करता प्यायला बसायचा. यकृत गेलं, अंग पिवळं झालं आणि तो इस्पितळात मेला. शेवटी शेवटी तो गिरेकलाही ओळखत नव्हता.

सोआझिग ब्रेतॉनमध्ये, या किनाऱ्याच्या जुन्या बोलीत बोलली. बोटीवर ती भाषा माथ्युरँखेरीज कुणालाच येत नव्हती, नोल्वेनलासुद्धा नाही.

"लाज वाटते का रे तुला?"

"हळू बोल," तोही त्याच भाषेत म्हणाला, सुकाणूवरचा हात न काढता.

"का हळू? त्याला तू मारलंस, आणि वर हार घालतोस?"

"मी मारलं? दारू मी पाजली त्याला?"

"बोट कुणी मोडायला लावली?"

"सगळ्यांनीच मोडल्या, सोआझिग. आमची एकटी नव्हती. बँक दारात बसली होती, तुला ठाऊक आहे. मोडूया असं कुणी तरी म्हणायलाच हवं होतं."

"आणि ती फोडली तेव्हा तू होतास कुठे?"

माथ्युरँनं सुकाणू किंचित वळवलं. पुढच्या फळीवरचा एक माणूस मोबाइलवर त्यांचं बोलणं टिपत होता. त्याची बायको कौतुकानं म्हणाली, "किती गोड भाषा आहे. काय बोलताय तुम्ही दोघं?"

"जुन्या आठवणी, बाई," माथ्युरँ फ्रेंचमध्ये हसून म्हणाला. मग पुन्हा ब्रेतॉनमध्ये, खालच्या आवाजात, "मी आधी खरं तेच सांगायचो. लोक माना खाली घालून उतरायचे. मग तुझा गिरेक आला. या फेऱ्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या तेव्हा. म्हणाला, माथ्युरँकाका, माझ्या बापाला दारुडा म्हणून लोकांसमोर आणू नका, त्याला समुद्रावर मरू द्या. हे वादळ गिरेकचं आहे. माझं नाही."

उरलेला सगळा वेळ सोआझिग पाण्याकडे बघत बसली.

धक्क्यावर उतरल्यावर दोघी एका खाणावळीत बसल्या. काळ्या पिठाचं धिरडं आलं, वर अंडं फोडलेलं. सोआझिगनं काटा उचलला नाही. तिनं नातीला सगळं सांगितलं, यंत्रापासून इस्पितळापर्यंत. काही लपवलं नाही आणि चढवूनही सांगितलं नाही. नोल्वेन ऐकत राहिली. तिच्या ताटातलं अंडं गार होऊन आक्रसलं.

"पण बाबा असं का सांगतील?" ती शेवटी म्हणाली.

"त्यालाच विचार."

नोल्वेन मोबाइल घेऊन बाहेर गेली. काचेतून सोआझिगला तिची पाठ दिसत होती. बराच वेळ ती ऐकत होती आणि मधेमधे मान हलवत होती. परत आली तेव्हा तिनं खुर्ची आजीच्या अगदी जवळ ओढली.

"बाबा म्हणतात, तुझी अलीकडे जरा सरमिसळ होते. गेल्या महिन्यात तू गॅस चालू ठेवलास, ते मला माहीतच नव्हतं."

"नोल्वेन, मला वेड लागलेलं नाही."

"वेड कोण म्हणतंय, आजी? होतं असं. दुःख मोठं असलं की माणूस दुसरंच काहीतरी धरून बसतं." बोलताना तिचा आवाज मऊ झाला होता. ती कामावर असाच आवाज वापरत असणार, हे सोआझिगला त्या क्षणी कळलं.

ती उठली. "चल माझ्याबरोबर."

माथ्युरँ धक्क्यावर पुढच्या फेरीची माणसं बोटीत चढवत होता. सोआझिग त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि या वेळी मुद्दाम फ्रेंचमध्ये म्हणाली, "हिला सांग. 'स्तेरेदेन'चं काय झालं ते."

माथ्युरँनं तिच्याकडे पाहिलं, मग नोल्वेनकडे. रांगेतली माणसं कान देऊन होती. एका बापानं मुलीला खांद्यावर घेतलं होतं.

"तुझा आजोबा फार चांगला तांडेल होता, पोरी," तो म्हणाला.

"ते नाही. खरं सांग," सोआझिग म्हणाली.

त्यानं गळ्यातला रुमाल उगाच सारखा केला. "वादळच होतं," तो म्हणाला. "तुझ्या आजीला त्रास होतो त्याचा. तिला घरी ने." आणि तो पाठ फिरवून दोर सोडायला गेला.

नोल्वेननं आजीच्या खांद्यावर हात ठेवला. सोआझिगनं तो झटकला नाही. झटकला असता तर त्याचाही तोच अर्थ निघाला असता.

गाडीत नोल्वेननं तिचा पट्टा स्वतः लावून दिला आणि तो नीट बसलाय ना ते ओढून पाहिलं. शहराच्या रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली, "सोमवारी मी सुट्टी घेते. आपण जरा डॉक्टरांकडे जाऊन येऊ. नुसतं बोलायला."

"गिरेकनं सांगितलं?"

"आम्ही दोघांनी ठरवलं."

सोआझिग खिडकीबाहेर बघत राहिली. दोन्ही बाजूंना फुलकोबीची शेतं पसरली होती. सोमवारी डॉक्टरांनी ताँगी कसा गेला असं विचारलं तेव्हा तिनं नोल्वेनकडे बघितलं आणि समुद्रात म्हणून सांगितलं.