काळ्या लोकरीची जळू

व्याही न कळवता दारात उभा राहिला की पोरीचा बाप आधी आपलं काय चुकलं ते आठवतो, मग तो बाप कितीही तालेवार असो. मी तर तालेवारही नव्हतो.

दसरा नुकताच झाला होता. थोड्याच दिवसांत आमचं जुनं राज्य मोडून किनवट तालुका मुंबई राज्यात जाणार आणि आम्ही बाजारहत्नूरवाले आंध्रात, हे पक्कं झालं होतं. माझ्या देवकाला किनवटकडच्या केशवरावांनी सून म्हणून कुंकू लावलं होतं. आणि आज सकाळीच केशवराव एकटे आले. पाणी प्यायले, जेवायला मात्र नाही म्हणाले.

"आधी तळ्यावर जाऊन येऊ."

माझी बायको तुळजाबाई उंबऱ्यातून माझ्याकडे बघत राहिली. सोयरीक मोडायला आलेला माणूस त्या घरचं अन्न खात नाही, हे आमच्याकडे पोरंसोरंही जाणतात.

काठावर बसून मी गळाला जळू बांधायला घेतली. खरी नव्हे, नकली. माझा बाप जंगल खात्यातल्या एका साहेबाची गाडी हाकायचा, त्या साहेबाकडून ही मासे धरायची विद्या घरात आली. गळाच्या दांडीवर घोंगडीची काळी लोकर गुंडाळायची, मागे बोटभर शेपूट मोकळं सोडायचं, वरून दोऱ्याचे वेढे देऊन गाठ मारायची. पोरखेळ आहे. पण त्या दिवशी गाठ बसेचना.

गळ टाकला. जळू तळाशी जाऊ द्यायची, वीतभर ओढायची, थांबायचं. मरळ मासळी गळ घेते ती जळू थांबल्यावरच. मी आपला ओढतच सुटलो. हा माणूस तोंड कधी उघडतो या धास्तीने हात ठरत नव्हता.

"बाबाराव, जरा दमानं," केशवराव म्हणाले. "जळू काऊन पळवून राह्यले?"

पुन्हा टाकला, पुन्हा तेच. देवकाला काय सांगू, मोडल्या सोयरिकीची पोर पुढे कोण करणार, एवढंच डोक्यात. मला त्यांचा रागही आला. मोडायचं तर मोडा ना बाबा, त्यासाठी तळ्यावर कशाला आणता?

शेवटी ते खाकरले. "आमी आता दुसऱ्या राज्यात चाललो. तुमच्याकडचे लोक म्हणून राह्यले म्हणे, हद्दीपल्याड पोरगी कोण देईन. तुमी देता ना?"

माझा हात थांबला. जळू तळाला गेली असावी, कारण दोरीला असा हिसका बसला की मी गुडघाभर पाण्यात गेलो. दोघांनी मिळून ओढली. चांगली हातभर मरळ होती.

"दिलेली पोरगी कोणी परत घेते का, इवाई?" मी म्हटलं.

केशवरावांनी मरळीच्या तोंडातून गळ सोडवला. "मंग चला घरी. तुमी नाई म्हटलं असतं, तर तुमच्या घरचं जेवून कोणत्या तोंडानं उठलो असतो मी?"

तुळजाबाई अजून उंबऱ्यातच उभी होती. मी अंगणातूनच सांगितलं, "ताटं वाढ. इवाई जेवतात."

ती तिथेच खाली बसली आणि रडायला लागली.