तीन शिट्ट्यांचा भात

छापखान्यातल्या नोकरीमुळे सगळे त्यांना मशीनवाले म्हणत; चौतीस वर्षं यंत्रांपाशी उभं राहून त्यांचे कान गेले होते. अगदी ठार बहिरे नव्हते ते. जवळून मोठ्याने बोललेलं समजायचं, दार धडधडवलं तर कळायचं. पण बारीक आवाज, दाराची बेल, कुकरची शिट्टी, हे सगळं त्यांच्यापुरतं बंद पडलं होतं.

बायको होती तोवर याचं काही अडलं नाही. तिला जाऊन आठ महिने झाले होते आणि स्वयंपाक आता त्यांच्याच गळ्यात होता; कुकर ते घड्याळ पाहून बंद करत.

त्या दिवशी त्यांनी कुकरमध्ये भात आणि बटाटे लावले आणि पुढच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसले. वाचता वाचता डोळा लागला. दार धडाधड वाजलं तेव्हा खोलीत धूर भरला होता.

त्यांनी दार उघडताच शेजारच्या बाई आत शिरल्या त्या थेट स्वयंपाकघरात. त्यांनी गॅस बंद केला, खिडकी उघडली. त्या शाळेत शिकवत, त्यामुळे आवाज खणखणीत होता.

"काका, अकरा शिट्ट्या झाल्या. मला वाटलं, पाहुणे आलेत. मग एकदम सगळं शांत झालं आणि जळका वास यायला लागला."

"अकरा?" मशीनवाले म्हणाले. "मी एकही ऐकली नाही."

 जाताना बाईंनी आमटीची वाटी आणून देऊ का विचारलं. "नको, भूक नाही," ते म्हणाले. पोटात कावळे कोकलत होते, पण लाज त्याहून मोठी होती.

झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुकर पिशवीत घालून दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने नवा व्हॉल्व्ह बसवला, रिंग बदलली आणि कुकर हातात तोलून पाहिला.

"घरात माणसं किती?"

"दोन," मशीनवाले सवयीने म्हणाले. मग थांबून म्हणाले, "एक."

"मग हे धूड कशाला वापरता? एका माणसाला हा लहानगा पुरे." त्याने फळीवरचा छोटा कुकर काढून पुढे ठेवला. आतला डबाही लहान, सगळं बेताचं. मशीनवाल्यांनी तो उचलून पाहिला, परत ठेवला आणि आपला जुना घेऊन घरी आले.

दुपारी त्यांनी तांदूळ धुतले, कुकर लावला आणि स्टूल ओढून समोर बसले. इतक्या वर्षांत कुकर गॅसवर असताना त्यांनी कधी नीट पाहिलाच नव्हता. आधी शिट्टीखालून वाफेची बारीक रेघ निघाली. मग शिट्टी थरथरली, थुंकल्यासारखं थोडं पाणी उडालं आणि ती एकदम उचलली गेली. आवाज नाही, नुसता वाफेचा फवारा. त्यांनी एक मोजली. नजर हलवायची सोय नव्हती. पाठ अवघडली तरी ते बसून राहिले. तिसरी झाल्यावर गॅस बंद केला.

भात मोकळा झाला होता. शितं वेगवेगळी. ते ताटाशी बसले तोच खिशातला फोन थरथरला, मुलीचा होता. ती दूर दुसऱ्या देशात असायची.

"बाबा, जेवलात का?" ती ओरडून म्हणाली.

"आत्ता बसतोय. भात छान झालाय."

"काय म्हणालात?"

"भात. छान झालाय."

"बरं बरं. औषधं घेताय ना? मी मीटिंगमध्ये जातेय, रविवारी बोलू."

"हो," ते म्हणाले. फोन आधीच बंद झाला होता.

त्यांनी जेवायला सुरुवात केली. तांदूळ बायकोच्या वाटीने घेतला होता, दोघांपुरता तोच अंदाज तिला ठाऊक होता आणि त्यांनाही. अर्धा भात उरला. तो झाकून ठेवला, ताट धुतलं, ओटा पुसला. संध्याकाळी तोच गार भात दुधात कालवून खाल्ला. पुन्हा कुकर लावावा लागला नाही, आणि एरवी त्यात जाणारा अर्धा तास ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर तसेच बसून राहिले.