सामनिआंगच्या न्हाणीतला हात

आमच्या गल्लीत विहारात कोण काय घेऊन जाणार हे ठरलेलं असतं. वर्षावास संपून भिक्खूंना वस्त्रं द्यायचा, चीवरदानाचा दिवस आला की तळलेले मासे लॉटरीवाल्या वीतच्या घरचे, केळीच्या पानातला गोड भात माझ्या घरचा आणि अळंबीचं कालवण प्रायोंगबाईंचं. हे कुठं लिहून ठेवलेलं नाही. लिहून ठेवलेलं मोडता तरी येतं.

ते मोडायला निघाली सामनिआंग, प्रायोंगबाईंची भावजय. टपाल कचेरीतून निवृत्त झाल्यापासून तिला घरात करमत नव्हतं. भर बाजारात, प्रायोंगबाईंच्या अळंबीच्या टोपलीसमोर उभी राहून ती म्हणाली, "वन्सं, यंदा भंतेजींना अळंबीचं कालवण मी वाढणार. घरच्या अळंबीचं."

"कुणाच्या घरच्या?"

"माझ्या."

"अगं, तुझ्या कुंडीत मिरची टिकत नाही."

"मिरचीचं सोडा. कालवणाचं बोला."

"बरं बाई. सगळ्यांनी ऐकलंय हं," प्रायोंगबाई म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

सगळ्यांनी ऐकलं होतं, म्हणजे आता माघार नव्हती.

सामनिआंगनं अळंबीच्या तयार पिशव्या आणल्या. रबराच्या लाकडाच्या भुशानं गच्च भरलेल्या, बीज मुरून पांढऱ्याफटक झालेल्या. अंगणातल्या जुन्या न्हाणीत त्या आडव्या रचल्या, तोंडं उघडली, पाणी शिंपडलं. इथवर कुणीही नीट करतं. पण विकणाऱ्यानं सांगितलं होतं, "ओल जाऊ देऊ नका", आणि सामनिआंगचा जन्म गेला पार्सलं बंद करण्यात. खिडकीला प्लास्टिक, फटींना चिकटपट्टी, दाराखाली ओलं फडकं. न्हाणीला तिकीट चिकटवायचं तेवढं राहिलं.

तिचा नवरा शहाणा. बहीण आणि बायको यांच्यात पडायला नको म्हणून तो रोज गळ घेऊन तळ्यावर जाऊ लागला. त्या दिवसांत त्यांच्याकडे माशांना तोटा नव्हता.

अळंबी आली, पण छत्रीचा पत्ता नव्हता. नुसते लांबच लांब पांढरे दांडे, टोकाला नखाएवढी टिकली. समोरच्या पिशवीतून तर पाच दांडे बाहेर आलेले, एक आखूड आणि जरा बाजूला कललेला. सामनिआंग रडायच्या बेतात होती. तेवढ्यात गळ्यात लॉटरीची पेटी घेतलेला वीत पाणी मागायला आला आणि तिच्या खांद्यावरून डोकावला.

"मावशी, हात आहे हा!"

"अरे, अळंबी आहे ती. बिघडलीय."

"अळंबीला नखं असतात? अंगठा बघा की! बाईमाणसाचा हात आहे. देवी आशीर्वाद देतेय तुम्हाला."

सामनिआंगनं पुन्हा पाहिलं. बिघडलेली अळंबी म्हणजे आपली चूक. देवीचा हात म्हणजे आपलं पुण्य. कुठल्या बाजूला वजन टाकायचं, हे टपालखात्यातल्या बाईला सांगावं लागत नाही. तिनं हात जोडले.

संध्याकाळपर्यंत अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. झेंडूच्या माळा आल्या, देवीला ठेवायला नळी घातलेल्या लाल सरबताच्या बाटल्या आल्या. अळंबीच्या त्या बोटांना पावडर चोळून लोक त्यांत लॉटरीचे आकडे शोधू लागले. एकाला दिसला आठ, दुसऱ्याला तोच तीन. माझ्या दुकानातली उदबत्ती आणि पावडर दोन्ही संपली, तेव्हा श्रद्धेबद्दल मी वाकडं बोलणार नाही.

प्रायोंगबाई आल्या. हात न जोडता वाकून पाहिलं.

"सामनिआंग, दार उघड. श्वास कोंडलाय त्यांचा. वारा लागला तर छत्र्या फुटतील."

सामनिआंगचा हात कडीकडे गेलासुद्धा. पण वीत आडवा आला. "आत्या, दार उघडं टाकलं तर देवी निघून जाईल!"

"गेली तर जाऊ दे. कालवण तरी होईल."

"देवीचं कालवण?" म्हातारा खाम ओरडला.

सामनिआंगनं हात मागे घेतला. "वन्सं, दुसऱ्याच्या घरी देव आला तर इतकं जळू नये."

प्रायोंगबाई गेल्या. दार पुन्हा बंद. आत उदबत्त्यांच्या धुराचा असा कोंडमारा, की बाकीच्या पिशव्यांतूनही बोटंच बोटं निघाली. लोक म्हणाले, कृपा वाढली. सामनिआंग मात्र माझ्या कानाशी लागली. "ताई, एवढ्या हातांत एखादी तरी छत्री दिसते का हो? चीवरदान तोंडावर आलंय. मागच्या रांगेतली थोडी गुपचूप कापू का?"

"खामकाकांना विचार," मी म्हटलं.

मग लॉटरीची सोडत निघाली. आठ लागला नाही, तीनही नाही. वीत म्हणाला, आकडे उलटे धरले असते तरी लागले नसते. त्याच संध्याकाळी अंगण रिकामं झालं. खामनं आपली सरबताची न फोडलेली बाटली परत नेली. शेवटच्या माणसानं न्हाणीचं दारसुद्धा लावलं नाही. बुडवणाऱ्या देवीचं दार कोण लावतो?

सामनिआंगनं ते पावडरीनं माखलेले हात उपटून फेकले आणि शरमेनं अंगणाकडे पाठ फिरवली. नवरा तेवढा तळ्यावरून आला की न्हाणीत चिखलाचे पाय धुवायचा. तांब्यामागून तांब्या ओतायचा, अर्धं पाणी पायांवर, अर्धं पिशव्यांवर. चीवरदानाच्या आदल्या दिवशी तो कुरकुरला, "अगं, तुझ्या त्या अळंबीमुळं आत उभं राहता येत नाही."

सामनिआंग धावली. मागच्या रांगेत करड्या छत्र्या एकीवर एक, पंख्यासारख्या पसरल्या होत्या.

विहारात नणंद-भावजयीच्या कालवणांची दोन पातेली शेजारी शेजारी बसली. भंतेजींनी दोन्हीतलं मोजून सारखंच घेतलं आणि निमूट जेवले. त्यांच्या चेहऱ्यावरून सामनिआंगला काही वाचता आलं नाही. मग आमची पंगत बसली. प्रायोंगबाईंनी चिकट भाताचा गोळा वळला, भावजयीच्या पातेल्यात बुडवला आणि सावकाश चावला.

"दार उघडं ठेवलंस तर."

कबूल करायला एवढी चांगली वेळ पुन्हा आली नसती. सामनिआंग ताठ बसली. "मी नाही, वन्सं. देवीनंच जाताना उघडं टाकलं."

प्रायोंगबाईंनी पुन्हा गोळा बुडवला. "मीठ जास्त पडलंय," म्हणाल्या आणि आणखी एकदा बुडवला.

सामनिआंगनं पातेलं हळूच त्यांच्याकडे सरकवलं.

माझ्या शेजारी वीतचा हात लॉटरीच्या पेटीकडे गेला. "काकी," तो कुजबुजला, "तीनदाच घेतलं ना त्यांनी?"